तुमची पाठ मला पाठ आहे

मिस्त्री,

आज मी पोरांना टॅपेट लावायचं दाखवलं. तुम्ही दाखवायचे तसं नाही, तोंड त्यांच्याकडे करून. गाडीचं बॉनेट वर, इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण काढून बाजूला ठेवलेलं, आणि मी अशा बाजूला उभा की माझे दोन्ही हात, त्यातला पेचकस आणि पाना, सगळं त्यांना उघडं दिसावं. एक जण मागं टाचा उंच करून पाहत होता, त्याला हाताला धरून पुढं आणलं. म्हटलं, "इथी ये बे, तिथी उभा राहून काय माही पाठ पाह्यतं?" सगळे हसले. त्यांना काय माहीत, ते बोलणं कोणाला लागावं म्हणून होतं. तुमचं गॅरेज होतं तिथं आता साड्यांचं दुकान आहे, तुमच्या हाताखालचे बहुतेक जण तुमच्या मागोमाग गेले, पण माझं तुमच्याशी भांडण अजून चालूच आहे. इतकी वर्षं मनात भांडलो. आज म्हटलं, कागदावर भांडू.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा काही चड्डीतलं पोर नव्हतो. बायको होती, पदरी एक मुलगी होती. सिंदेवाहीकडच्या आमच्या तलावात माझ्या बापाचं जाळं पडायचं आणि बापामागं माझं. उन्हाळ्यात लाकडाचा एक ट्रक तलावाच्या पाळीवर बंद पडला आणि चांद्याहून तुम्ही आले. खाकी सदरा, ओठात विझलेली बिडी. तुम्ही इंजिन चालू केलं तेव्हा मी सहज मडगार्डला हात लावून उभा होतो. माझा बाप डोंग्यात बसून वल्ह्याचं एक टोक पाण्यात सोडायचा आणि दुसरं कानामागच्या हाडाला लावायचा. खाली मासळी कुठं हलते ते त्याला त्या लाकडातून कळायचं, आणि त्याच्याकडून ते मला आलं होतं. मी म्हणालो, "भाऊ, याच्यात दोन आवाज हाये. एक मोठा, अन् त्याच्यामांगून एक बारका, लंगडा." तुम्ही मान वर केली. "कोन होय बे तू?" "ढिवर." "मंग मासे धर ना, मोटरीत काऊन डोकं घालतं?" जमलेले लोक हसले, मीही हसलो. पण त्या बारक्या लंगड्या आवाजाचं नाव काय, ते तुम्ही सांगितलं नाही, आणि मला ते पाहिजे होतं. पाऊस लागायच्या आत मी चांद्याला तुमच्या दारात उभा होतो.

तुम्ही मला ठेवून घेतलं, हे खरं. काम दिलं, तुमच्या बायकोच्या, आमच्या बाईंच्या हातचं जेवण दिलं, शिव्या तर सढळ हातानं दिल्या. एक दिवस एक लांब दांड्याचा पेचकस माझ्याकडे फेकला आणि म्हणाले, "घे, याच्यानं मासे आयक." टोमणाच होता तो, पण हातात वस्तू आली. त्याचं लोखंडी टोक इंजिनाला टेकवलं आणि लाकडी मूठ कानामागच्या हाडाला, की आतला आवाज घरात कोणी कुजबुजावं तसा जवळ येतो. माझ्या आयुष्यात मला मिळालेली ती सगळ्यात मोठी भेट आणि ती तुम्ही चिडवण्यासाठी दिली. ठीक आहे. देणाऱ्याचा स्वभाव पाहून मी कधी घेणं टाकलेलं नाही.

शिकवलं मात्र नाही. चाक काढणं, ग्रीस भरणं, पार्ट रॉकेलनं धुणं, हे तुम्ही तोंडानं सांगायचे, अगदी खुलासेवार. पण जिथं खरी गोष्ट यायची, कार्बोरेटरचा पेच, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट, टॅपेट, तिथं तुम्ही इंजिनाकडे वळायचे, दोन्ही कोपरं पसरायचे आणि बॉनेटखाली असे वाकायचे की आमच्या वाट्याला फक्त तुमची पाठ. आपल्या भाषेत धड्यालाही पाठ म्हणतात. शाळेत गुरुजी पोरांना पाठ देतात. तुम्हीही आम्हाला पाठच दिली, फक्त ती दुसरी. आणि ती मी इतकी पाहिली, मिस्त्री, की मला पाठ झाली. उजवं कोपर खाली गेलं म्हणजे पेचकस टेकला. मानेची शीर ताठली म्हणजे डाव्या हातातला पाना नटावर बसला. सदऱ्याची शिवण ताणली म्हणजे नट आवळला. आणि मग, दर वेळी, न चुकता, डावा खांदा वर उडायचा. एक झटका. की झालं! तुम्ही वळायचे, चिंधीला हात पुसायचे आणि इंजिन शिवणयंत्रासारखं चालायचं.

त्या खांद्यावर आमच्यात किती खल व्हायचा ते तुम्हाला कधी कळलं नाही. माझा जोडीदार सिरोंच्याकडचा, घरात तेलुगू बोलणारा. मला तम्मुडू म्हणायचा, म्हणजे धाकटा भाऊ. चहाच्या टपरीवर तो स्वतःचा डावा खांदा उडवून दाखवायचा आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "तम्मुडू, वो खांदा नाई. वो इल्म हाय." शेवटी आमचं असं ठरलं, की नट पूर्ण आवळल्यावर मिस्त्री तो केसभर उलटा सोडतात. खांदा वर जातो म्हणजे पाना मागं येतो. हा जो केसभराचा ढिलेपणा, तीच मिस्त्रीची करामत, आणि तीच लपवायला एवढी मोठी पाठ आडवी येते.

तुम्ही तरी दुसरं काय सुचू देत होते? स्वयंपाकघरातही तुमचं तेच. गावाहून मी मासळी आणली की चुलीचा ताबा तुम्ही घ्यायचे, बाईंना उठवायचे, आणि मसाला टाकायच्या वेळी चुलीकडे तोंड, आमच्याकडे पाठ. बाई उंबऱ्यात बसून म्हणायच्या, "माह्याच घरात मी पाहुनी. मीठ कुठी ठेवलं तेही हा मानूस सांगत नाई." एकदा मी तुमची ती भाजी डब्यात घालून घरी नेली. माझ्या बायकोनं झाकण उघडलं, नुसता वास घेतला आणि म्हणाली, "जवस भाजून टाकली हाये, अन् आंबट म्हून अंबाडी. याच्यात लपवाचं काय हाये?" हसलो तेव्हा. पण ते वाक्य माझ्या कानात राहिलं. याच्यात लपवाचं काय हाये?

मग ती चांद्याहून मूल गावावरून गडचिरोलीला जाणारी सर्व्हिसची मोटर आली. टॅपेट लावायचे होते, म्हणजे प्रत्येकाच्या पेचानं त्याची फट ठरवून वरचा नट आवळायचा होता. तुम्ही झाकण काढलं, थोडा वेळ उभे राहिले आणि पाना माझ्याकडे दिला. "आज तू लाव." एवढंच. सगळं गॅरेज थांबलं. जोडीदारानं माझ्याकडे पाहून डोळा मारला. मला वाटलं, आज मी मिस्त्री झालो. घरी गेल्यावर बायकोला कसं सांगायचं, ते मी हात इंजिनात असतानाच ठरवत होतो. आणि मी लावले टॅपेट, अगदी तुमच्या पाठीबरहुकूम. कोपर, मान, शिवण, आणि शेवटी डावा खांदा वर. प्रत्येक नट आवळला आणि प्रत्येक नट केसभर मागं सोडला.

तुमचा एक नियम होता आणि तो चांगला होता, मी अजून पाळतो: इंजिनाला ज्यानं हात लावला त्यानं पहिल्या फेरीला गाडीत बसायचं. मी ड्रायव्हरच्या बाजूला ऐटीत बसलो. मोहाची फुलं पडायचे दिवस, काच नसलेल्या खिडकीतून तो गोड, जड वास आत येतो आहे, आणि चिचपल्लीच्या जंगलात शिरल्यावर माझ्या कानाला काहीतरी टोचतं. बारका, लंगडा. टिक, टिक. पुढच्या वळणावर टक, टक. आणखी थोडं पुढं गेल्यावर तो सगळ्यांनाच ऐकू येतो. मागच्या बाकावरची एक म्हातारी ओरडते, "काऊन गा डायवर, मोटर हाये का धान कांडाची ढेकी?" सगळी मोटर खदखदून हसते. ड्रायव्हर माझ्याकडे पाहतो आणि गाडी बाजूला घेतो.

झाकण काढलं. एका टॅपेटचा नट बोटानं फिरत होता. बाकीचे पाहिले, एकेक करून. सगळे ढिले, सगळे केसभर. म्हणजे हा अपघात नव्हता. मी मनापासून, नेमानं, एकही न चुकवता बिघाड केला होता. आता फटीचं अंतर कशानं मोजायचं? फट मोजायच्या पात्यांची जुडी गॅरेजात. प्रवाशांत एक मास्तर होते, लग्नाला निघालेले. त्यांच्याकडून दाढीची पाती मागून घेतली. शेजारचा जो टॅपेट अजून सरकला नव्हता, त्याच्या फटीत किती पाती एकत्र जातात ते पाहिलं आणि बिघडलेल्याची फट तेवढीच केली. पेच धरून नट आवळायला गेलो तर नटाबरोबर पेचही जरासा फिरला आणि फट बदलली. पुन्हा लावली, या वेळी पेच घट्ट धरून, आणि आवळून झाल्यावर पाती पुन्हा घालून पाहिली. बरोबर. मग नट पूर्ण आवळलेला तसाच ठेवला, आणि बाकीचेही सगळे तसेच आवळले. खांदा उडवला नाही. मोटर चालू केली आणि पेचकस कानाला लावला. तो लंगडा आवाज गेला होता. लोक तोवर रस्त्याकडेची मोहाची फुलं दुपट्ट्यात वेचत होते. मास्तर तेलकट पाती बोटात धरून म्हणाले, "आता याच्यानं दाढी करू का मोटर?"

तर मिस्त्री, हे तुमचं इल्म. पेच हलू द्यायचा नाही. नट पूर्ण आवळायचा. आवळल्यावर फट पुन्हा तपासायची. एवढं तुम्ही बिडी पेटवता पेटवता सांगू शकत होते. जंगलात भर उन्हात, म्हातारीचे टोमणे खात, मी ते तुमच्या पाठीविरुद्ध शिकलो.

दुसऱ्या दिवशी परत आलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली. तुम्ही सगळ्यांसमोर मला उभं केलं. "माह्या हाताखालून गेलेली मोटर जंगलात उभी केली तुनं! काय तोंड दाखवू मी?" मी म्हणालो, "मिस्त्री, आवळल्यावर खांदा उडवून तुम्ही काय करता, ते सांगा." तुम्ही माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी गोंडीत विचारलं. "कोनता खांदा बे?" मला वाटलं, एवढं झालं तरी लपवतात. मी आवाज चढवला. "सांगितलं असतं तं मोटर बंद नसती पडली!" तेव्हा तुम्ही ते बोलले, जे मी आजपर्यंत विसरलो नाही. "काऊन सांगू? मले कोनी सांगतलं होतं का? कारागिरानं इल्म पोटात ठेवाचं. ते बाहीर गेलं का पोट खाली." मी म्हणालो, "मी सांगीन. जो इचारन त्याले सांगीन." तुम्ही हसले. "सांगशील तं उपाशी मरशील."

दुपारी बाईंनी जेवायला हाक मारली. शिव्या खाल्ल्या म्हणून त्यांच्याकडे कोणाचं जेवण चुकत नसे. मी मागच्या दारानं स्वयंपाकघरात आलो. तुम्ही पाटावर उघडे बसले होते, माझ्याकडे पाठ करून, आणि बाई मोहाच्या बियांचं गरम तेल तुमच्या डाव्या खांद्यात जिरवत होत्या. मला पाहून त्या म्हणाल्या, "पाना आवळला का कळ मारते याच्या खांद्यात. पल्टनीत होता तवा ट्रकची फळी पडली होती अंगावर. कोनाले सांगत नाई, झटका देते अन् गप रायते. काल तं हात वरच नाई गेला."

म्हणून पाना मला दिला होता. म्हणून "आज तू लाव".

आणि मी हसलो. मला आवरेना. भिंतीला धरून हसलो. जोडीदाराचा तो गंभीर चेहरा, वो खांदा नाई वो इल्म हाय, माझे ते इमानेइतबारे ढिले केलेले नट, जंगलात उभी मोटर, सगळं एकदम पोटातून वर आलं. तुम्ही वळून पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तुम्ही लपवलेलं उघडं पडलं असताना माझ्याकडे तोंड केलं, आणि चेहऱ्यावर राग नव्हता, दुसरंच काहीतरी होतं. "माह्या दुखन्याले हासतं?" मी बोलायला तोंड उघडलं, पण हसू थांबेना. "निंघ," तुम्ही म्हणाले. बाई म्हणाल्या, "अवं, जेवू तं द्या त्याले." "निंघ म्हनलं ना." मी निघालो. कानाला लावायचा तो पेचकस हातात होता. तो तुम्ही परत मागितला नाही, मी दिला नाही.

आता ऐका. मी तुमच्या दुखण्याला हसलो नव्हतो. मी त्या इल्माला हसलो, जे मुळात नव्हतंच. आणि माफी मागतो असं समजू नका. दुखतं म्हणून सांगितलं असतं तर मी स्वतः तेल चोळून दिलं असतं. टॅपेट कसा लावायचा ते सांगितलं असतं तर हसायची वेळच आली नसती. तुम्ही सगळंच लपवलं, कसब आणि कळ एकाच पाठीमागं ठेवली, मग आम्ही कळेलाच कसब समजलो तर दोष कोणाचा? माझा नाही. हे मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो.

मी गडचिरोलीला गेलो. रस्त्याकडेला मोहाच्या झाडाखाली चार बल्ल्या रोवून गॅरेज टाकलं आणि पहिल्या दिवसापासून बोलत सुटलो. आल्लापल्लीच्या लाकडाच्या ट्रकचे ड्रायव्हर, त्यांचे किन्नर म्हणजे क्लीनर पोरं, वाटेनं जाणारा कोणीही, जो विचारेल त्याला. इंजिन थंड असताना ठोके देतं आणि तापल्यावर गप होतं, तर पिस्टन सिलिंडरमध्ये सैल आहे. खोल ठोका येतो, तर एकेका प्लगची तार काढून पाहा. ज्याची काढल्यावर ठोका मंदावतो त्याच्याच खालचं बेअरिंग गेलं. चढावर गोट्या सांडल्यासारखा आवाज आला तर ठिणगी वेळेआधी पडते आहे. आणि तो बारका, लंगडा आवाज, जो मी तलावाच्या पाळीवर ऐकला होता, त्याचं नाव टॅपेट. ते मला तुमच्या तोंडून कधी मिळालं नाही. मी पोरांना पहिल्याच दिवशी देऊन टाकतो.

लोक मला वेडा म्हणाले. माझ्याकडून शिकून एकानं माझ्याच समोर, रस्त्याच्या पलीकडे दुकान टाकलं. जोडीदार सिरोंच्याहून आला होता, तो म्हणाला, "तम्मुडू, मिस्त्री बोला था." मी म्हणालो, थांब. सहा महिने गेले नसतील, तो समोरवाला रस्ता ओलांडून आला. "भाऊ, एक आवाज हाये, मले समजून नाई राह्यला." मी पेचकस घेऊन त्याच्या गॅरेजात गेलो. त्याला समजावलं. पुढच्या वेळी त्याला न समजलेली गाडी त्यानं सरळ माझ्याकडे पाठवली, आणि त्याच्यापासून शिकलेल्यांनीही. ज्याला काहीच माहीत नाही त्याला गाडीचे सगळे आवाज सारखेच, मिस्त्री. ज्याला थोडं सांगितलं त्यालाच कळतं की आपल्याला काय कळत नाही, आणि मग तो सांगणाऱ्याचं दार शोधत येतो. हे गणित तुमच्या पाठीमागं कधी आलंच नाही. उपाशी मेलो नाही मी. पोट सुटलंय माझं; पेचकस घेऊन वाकताना आडवं येतं.

तुम्ही गेल्याचं मला बाईंकडून कळलं, पुष्कळ उशिरा, कारण आपल्यात निरोप राहिला नव्हता. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मासळी केली होती. जवस भाजून, अंबाडी घालून. म्हणाल्या, "शेवटी त्यालेच इचारून घेतली. सांगून देल्ली गा." तुम्ही कोणाला तरी काहीतरी सांगितलं, म्हणून मला बरं वाटलं, आणि ते मला नाही सांगितलं, म्हणून रागही आला. तो राग अजून शिल्लक आहे, म्हणून तर हे लिहितो आहे.

आज टॅपेट लावून झाला. फट पुन्हा तपासून दाखवली, प्रत्येकाच्या हातानं करून घेतली. मग मोहर्लीकडचं एक पोरगं, जंगलात पाहुण्यांच्या गाड्या चालवायच्या म्हणून शिकायला आलेलं, डोळे बारीक करून म्हणालं, "सर, सगळं समजलं. फक्त आवळल्यावर तुम्ही डावा खांदा उडवता, तो कितीक उडवाचा?" मागं दोघं पाना हातात घेऊन खांदे उडवून पाहत होते. मी माझ्या खांद्याकडे पाहिलं. त्याला कधी काही लागलेलं नाही, मिस्त्री. दुखत नाही, खुपत नाही. मला माहीतही नव्हतं की तो उडतो.

जो विचारेल त्याला सगळं सांगीन म्हणालो होतो, आणि आज एकानं विचारलं. मी म्हणालो, "ते काई नाई बे. ती माही खोड हाये, तिच्याकडे पाहू नका, नट पाहा." नटाचं खरं सांगितलं. खांद्याचं नाही. फळी, पल्टन, बाईंच्या हातातलं तेल, माझं हसणं, हे त्यांना सांगता आलं असतं. ओठावर आलं होतं. तुमचं होतं ते, आणि मी ते माझं म्हणून सांगितलं आणि चिंधी घ्यायला त्यांच्याकडे पाठ करून वळलो. चिंधी तर माझ्या खिशातच होती.